चौथा पाद

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय आकाराने लहान आहे आणि वैद्यकाच्या अभ्यासकांखेरीज इतरांची दृष्टी त्याच्याकडे सहसा वळत नाही. परंतु माणसाने माणसाची शुश्रूषा कोणत्या आधारावर करावी या प्रश्नाचा आपल्या परंपरेत जो काही विचार झाला आहे, त्याचे एक महत्त्वाचे बीज मला या अध्यायात सापडते. चिकित्सा चार पादांवर उभी असते, असे तेथे म्हटले आहे: वैद्य, औषधद्रव्य, उपस्थाता म्हणजे रुग्णाजवळ राहून त्याची परिचर्या करणारा, आणि चौथा पाद स्वतः रुग्ण. प्रत्येक पादाचे चार गुण सांगितले आहेत. परिचारकाला उपचारांचे ज्ञान असावे, तो दक्ष असावा, रुग्णाविषयी त्याच्या मनात अनुराग असावा आणि तो शुचिर्भूत असावा. यातील तिसरा गुण वाचताना मी दर वेळी थांबतो. कारण अनुराग हा येथे स्वभावाची शोभा म्हणून आलेला नाही, ज्ञान आणि स्वच्छता यांच्या पंक्तीला बसवलेली ती एक पात्रता आहे आणि ती नसेल तर चिकित्सेचा एक पाद लंगडा राहतो, असाच त्या मांडणीचा आशय आहे.

रुग्णाकडूनही ग्रंथकार चार गोष्टींची अपेक्षा करतो. त्याची स्मृती शाबूत असावी, सांगितलेले पथ्यपाणी त्याने पाळावे, तो भित्रा नसावा, आणि आपल्याला काय होत आहे हे त्याला सांगता यावे. पुढे कित्येक शतकांनी वाग्भटाने अष्टांगहृदयात हेच चार पाद सांगताना रुग्णाच्या गुणांतून स्मृती वगळली आणि तेथे संपन्नता घातली. वाग्भटाचा अधिकार थोर आहे आणि त्याचा व्यवहारही खोटा नाही, तरीही या एका जागी मला चरक अधिक खोल वाटतो. कारण त्याने मागितलेले चारही गुण रुग्णाच्या तिजोरीतले नसून त्याच्या अंतःकरणातले आहेत, आणि म्हणूनच ते जेव्हा नाहीसे होतात तेव्हा काय करावयाचे, हा प्रश्न चरकाच्या वाचकापुढे उभा राहिल्यावाचून राहत नाही.

ज्वराचा रोगी घ्या, अस्थिभंगाचा घ्या. त्याच्यापाशी हे चार गुण थोड्याफार प्रमाणात असतातच. पण त्याच संहितेत उन्मादाचे जे लक्षण दिले आहे ते याच्या शेजारी ठेवून पाहावे. मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम म्हणजे उन्माद, असे ते लक्षण आहे. ज्याची स्मृतीच भ्रमली आहे, ज्याला औषध हेच विष वाटते, ज्याला भिंतीतून येणाऱ्या आवाजांनी रात्र रात्र झोप येत नाही आणि ज्याला आपण आजारी आहोत हेच मान्य नाही, तो रुग्ण चौथा पाद होणार कसा? इतर व्याधींत रुग्ण आणि परिचारक मिळून रोगाशी झुंजतात. येथे रोगाने रुग्णाचा तोच भाग ताब्यात घेतलेला असतो, ज्याच्या बळावर तो झुंजला असता. मानसिक रुग्णाच्या परिचर्येचा पाया शोधावयाचा तर माझ्या मते तो येथेच शोधावा लागेल: चौथ्या पादाचे चारही गुण, तो पुन्हा उभा राहीपर्यंत, तिसऱ्या पादाने स्वतःवर घ्यावयाचे असतात. हे ओझे त्याने का घ्यावे, हा प्रश्न मात्र वैद्यकाच्या कक्षेत संपत नाही. तो धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे.

बुद्धी गेल्यावर माणसाचे काय उरते, याचे उत्तर ज्यांनी माणसाची प्रतिष्ठा बुद्धीवरच उभारली त्यांना अवघड गेले. ग्रीक विचाराने मनुष्याला विवेकशील प्राणी म्हटले; कांटने मनुष्याचे मूल्य त्याच्या स्वतःला नियम घालून घेणाऱ्या विवेकात पाहिले. या विचारांची थोरवी मी कमी लेखत नाही, परंतु विवेक हाच मनुष्यत्वाचा दाखला ठरवला की ज्याच्यापाशी तो दाखला नाही त्याला पशूंच्या बाजूला उभे करण्याची वाट मोकळी होते. लंडनच्या बेथलेम इस्पितळात अठराव्या शतकात लोक वेड्यांना पाहण्यासाठी प्रेक्षणीय स्थळाला यावे तसे येत, आणि ही मुक्त ये-जा १७७० मध्ये बंद करावी लागली. वेड्याला थंडी बाधत नाही, भूक कळत नाही, ही समजूतही त्या काळी चांगल्या शिकल्यासवरलेल्यांत प्रचलित होती. गवताच्या बिछान्यावर उघड्या अंगाने साखळीत बांधलेल्या माणसाकडे पाहूनही झोप लागण्यासाठी अशा समजुतीचा उपयोग होत असला पाहिजे.

आपल्याकडे उत्तर निराळे मिळाले, आणि ते अधिक उदार आहे असे आपण सहज मानून चालतो. भागवताच्या पाचव्या स्कंधातील जडभरत लोकांच्या दृष्टीने मूढ. भाऊ त्याला शेत राखायला बसवतात आणि कण्याकोंडा, किडलेले धान्य त्याच्यापुढे टाकतात. रहूगण राजाचे लोक त्याला पालखीला जुंपतात आणि मग तोच मूढ राजाला आत्मज्ञानाचा उपदेश करतो. महाराष्ट्रात याहून जिवंत उदाहरण आहे. तेराव्या शतकात विदर्भातील ऋद्धिपूर येथे राहणारे गोविंदप्रभू, ज्यांना गुंडम राऊळ म्हणत, गावाला वेडे वाटत. ते कोणाच्याही घरात शिरत, अस्पृश्य मानलेल्यांच्या घरीही जेवत, मध्येच रागावत, मध्येच हसत, मनात येईल ते खेळ करत. महानुभाव पंथाने त्यांना परमेश्वराचा अवतार मानले. चक्रधर स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा ही मंडळी ऋद्धिपुरास येऊन त्यांच्या सेवेला राहिली, आणि म्हाइंभटाच्या नावावर असलेल्या त्यांच्या चरित्रात या सेवेच्या बारीकसारीक नोंदी आल्या आहेत. राऊळांनी लग्नाचा हट्ट धरला तेव्हा भक्तांनी तो खेळ साग्रसंगीत मांडला आणि त्या प्रसंगासाठी महदाइसेने धवळे रचले. मराठीतील आद्य कवयित्रीचे काव्य एका वेड्या ठरवल्या गेलेल्या पुरुषाचे मन राखण्यातून जन्मले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात नुसती तारीखवार नोंदवून पुढे जाण्याजोगी नाही. त्या चरित्राकडे मी भक्तीचा ग्रंथ म्हणून तर पाहतोच, पण ज्याच्या वागण्याचा अंदाज बांधता येत नाही अशा माणसाला न्हाऊमाखू घालणे, त्याच्या मागोमाग फिरणे, त्याचा राग झेलणे आणि तरीही त्याच्या इच्छेला किंमत देणे याची मराठीतील सर्वांत जुनी हकिकत म्हणूनही पाहतो.

परंतु या उदारतेला एक अट चिकटलेली आहे आणि ती आपण सहसा उच्चारत नाही. आपल्या कथांतला वेडा अखेर ज्ञानी निघतो. जडभरत मुखवट्याआड ब्रह्मज्ञानी असतो, राऊळ देव असतात, दिगंबर फिरणारा अवधूत सिद्धपुरुष असतो. ज्याच्या वेडाआड काहीही लपलेले नाही, जो केवळ आजारी आहे, घाबरलेला आहे, ज्याचे बोलणे असंबद्ध आहे आणि असंबद्धच राहणार आहे, त्याच्यासाठी या कथांत जागा नाही. त्याच तेराव्या शतकात, त्याच वऱ्हाडात, ज्यांना कोणी देव म्हटले नाही असे कितीतरी वेडे असतील. त्यांना कोणी न्हाऊ घातले असेल? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांत दाखल होणारा माणूस जडभरत नसतो. त्याची सेवा तो गुप्तपणे थोर आहे म्हणून करावयाची असेल, तर त्याच्या गावी नसलेले थोरपण आपण त्याच्यावर लादतो आणि ते न सापडल्यास हात आखडता घेतो.

यावर वेदान्ती म्हणेल की सामान्य वेड्यालाही तत्त्वज्ञानाने वाऱ्यावर सोडलेले नाही. बुद्धी हे अंतःकरण आहे, साधन आहे. साधन बिघडले तरी साक्षी अलिप्त राहतो. उन्मत्ताचा आत्मा आणि ऋषीचा आत्मा यांत भेद नाही. हे उत्तर कांटच्या अनुयायांपेक्षा निश्चित अधिक समावेशक आहे आणि रुग्णालयाच्या पलंगावर निश्चल पडलेल्या माणसाकडे पाहताना त्याचा मला मोठा आधार वाटतो. मात्र त्यातही एक निसरडी जागा आहे. आत्म्याला दुःखाचा स्पर्शच नाही असे मानले, तर दुःख दूर करण्याची निकड कोठून यावी? जो अलिप्त आहे त्याच्या ओल्या कपड्यांची काळजी कशाला? अद्वैताच्या थोर आचार्यांनी व्यवहारातील दुःख नाकारलेले नाही हे मी जाणतो. तरीही आपल्या समाजाच्या हाती या सिद्धान्ताचे जे रूप आले, त्यात दुसऱ्याच्या वेदनेकडे तटस्थपणे पाहण्याची सोय झाली, हे मान्य केले पाहिजे.

कर्मसिद्धान्ताने तर याहून अधिक अपाय केला. पूर्वजन्मीचे पाप, घराण्याचा दोष, कोणाची तरी करणी, देवाचा कोप: मनोरुग्णाच्या कुटुंबाने हे ऐकले नाही असे घर विरळा. येथे चरकाला साक्षीला बोलावणे उचित होईल, कारण निदानस्थानात उन्मादाचा विचार करताना तो स्पष्ट सांगतो की देव, गंधर्व, पिशाच, राक्षस हे कोणाला आपण होऊन पीडा देत नाहीत, आणि शहाण्याने आपल्या व्याधीचा दोष देवांवर वा पितरांवर टाकू नये. व्याधीचे कारण तो प्रज्ञापराधात शोधतो, म्हणजे पुन्हा माणसाकडेच बोट दाखवतो, आणि तेवढ्यापुरता मला तो पटत नाही. ज्याची प्रज्ञाच व्याधीने ग्रासली त्याला प्रज्ञेचा अपराधी म्हणणे न्याय्य नाही. आणखी एक गोष्ट झाकून ठेवू नये. याच संहितेच्या चिकित्सास्थानात उन्मत्ताचे सांत्वन करावे, मित्रांनी त्याच्याशी धर्माच्या चार गोष्टी बोलाव्यात, असा उपदेश आहे, तसाच त्याला बांधावे, अंधाऱ्या खोलीत कोंडावे, दात काढलेल्या सापांनी वा राजपुरुषांच्या धाकाने भिववावे, असाही आहे. परंपरेत अनुराग आहे आणि भयही आहे. त्यांतले काय उचलावयाचे याची निवड आपल्याला करावी लागते, आणि ती करण्याची जबाबदारी परंपरेवर ढकलता येत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे या प्रश्नाचे सर्वांत निखळ उत्तर विनयपिटकातील महावग्गात आले आहे. एक भिक्षू अतिसाराने ग्रस्त होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. विहारात फिरत असता बुद्ध आनंदासह तेथे आले आणि त्यांनी विचारले, तुझी शुश्रूषा करणारे कोणी नाही काय? तो म्हणाला, नाही. कारण मी इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही. बुद्धांनी पाणी आणविले. एकाने पाणी ओतले, दुसऱ्याने त्याला धुतले, आणि एकाने डोके व दुसऱ्याने पाय धरून त्याला बिछान्यावर ठेवले. नंतर संघाला विचारणा झाली तेव्हा इतरांनीही तेच कारण सांगितले. त्यावर बुद्ध म्हणाले त्याचा आशय असा की, तुम्हाला येथे आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार. ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. या प्रसंगात तो भिक्षू थोर होता असे कोठेही नाही. तो कोणाचा अवतार नव्हता, त्याने काही उपदेश केला नाही, त्याचे नावदेखील नोंदलेले नाही. तो निरुपयोगी होता, आणि निरुपयोगीपणा हे शुश्रूषा नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, एवढाच त्या कथेचा निवाडा आहे.

पटाचारेची कथा याच्या जोडीला वाचावी. पती, मुले, आईबाप, भाऊ एकापाठोपाठ मृत्यूने नेल्यावर ती भ्रमिष्ट होऊन विवस्त्र भटकत होती. लोक तिला हाकलत होते. ती बुद्धांपर्यंत आली तेव्हा शिष्य तिला अडवू लागले, पण बुद्धांनी तिला येऊ दिले आणि भगिनी म्हणून हाक मारून भानावर येण्यास सांगितले. सभेतील एका माणसाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. धर्मोपदेश त्यानंतर झाला. हा क्रम महत्त्वाचा आहे आणि मनोरुग्णाच्या शुश्रूषेत आजही तोच पाळावा लागतो: आधी जवळ येऊ देणे, मग हाक, मग वस्त्र, आणि समजावणे सर्वांत शेवटी.

युरोपातील सुधारणेचा इतिहास सांगताना वेड्यांच्या साखळ्या तोडण्याचे श्रेय फिलिप पिनेल या फ्रेंच वैद्याला देण्याची वहिवाट आहे आणि त्याचे चित्रही प्रसिद्ध आहे. वस्तुस्थिती अशी की पॅरिसच्या बिसेत्र इस्पितळात १७९७ मध्ये लोखंडी बेड्या काढल्या त्या झाँ-बाप्तीस्त प्युसँ या देखरेख करणाऱ्या परिचारकाने. पिनेल तोवर साल्पेत्रियेरला गेला होता. प्युसँ हा मूळचा चामडे कमावणारा, गंडमाळेचा रुग्ण म्हणून त्याच इस्पितळात आलेला आणि तेथेच नोकरीला राहिलेला. पिनेल स्वतः त्याच्याकडून शिकल्याचे मान्य करीत असे, आणि पुढे त्याने प्युसँला आपल्याकडे बोलावून घेतले. इंग्लंडमध्ये हॅना मिल्स नावाची क्वेकर विधवा यॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात १७९० मध्ये मरण पावली; तिच्या पंथबंधूंना तिला भेटूही दिले नव्हते. त्या घटनेने व्यथित होऊन विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने पुढाकार घेतला आणि १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ हे आश्रयस्थान सुरू झाले. प्रत्येक माणसात ईश्वरी प्रकाश आहे अशी क्वेकरांची श्रद्धा. मती भ्रमली तरी तो विझत नाही, असे मानून त्यांनी तेथील रुग्णांना जेवणाच्या टेबलावर बसवले, बागकाम दिले, पाहुण्यांसारखे वागवले. या व्यवस्थेने लोखंडी साखळीऐवजी अपराधाची जाणीव रुग्णाच्या गळ्यात बांधली, असा आक्षेप पुढे मिशेल फूको याने घेतला आणि त्यात तथ्यांश आहे. परंतु ज्याच्या घोट्याला प्रत्यक्ष लोखंड लागले आहे त्याला हा फरक क्षुल्लक वाटला नसता.

आता मूळ सूत्राकडे येतो. रुग्णाचे चार गुण परिचारकाने स्वतःवर घ्यावयाचे म्हणजे प्रत्यक्षात काय करावयाचे?

स्मृतीचे काम त्या मानाने सरळ आहे, पण ते केवळ औषधाच्या वेळांपुरते नाही. रुग्ण आजारापूर्वी कोण होता, त्याला काय आवडे, तो कोणते काम करीत असे, हे जिच्या मनात आहे ती परिचारिका त्याच्याशी वेगळे बोलते. दप्तरातील नोंद व्याधीची असते; तो सुतार होता, तिला ओव्या येत, ही नोंद कोणाच्या तरी मनातच ठेवावी लागते. अभय देण्याचे काम त्याहून अवघड आहे, कारण ते शब्दांनी होत नाही. रात्रपाळीला वॉर्डात फेरी घालणारी सिस्टर, पहाटे केर काढायला येणाऱ्या मावशी, जेवणाची गाडी आणणारे मामा, यांचे ठरलेल्या वेळी ठरलेल्या आवाजात येणे, हेच भेदरलेल्या मनाला धीर देते; तेथे रोज माणसे बदलू लागली तर उत्तम औषधही अर्धे निष्फळ होते.

ज्ञापकत्वाचा, म्हणजे सांगता येण्याचा, विचार मी थोडा विस्ताराने करतो, कारण परिचर्येतील बुद्धिमत्ता येथे पणाला लागते. अन्नात विष आहे असे म्हणणाऱ्या रुग्णाशी वाद घालून उपयोग नसतो आणि त्याला होकार देणे हा विश्वासघात ठरतो. अनुभवी परिचारिका यांपैकी काहीच करत नाही. तुम्हाला जेवायची भीती वाटते आहे हे मला दिसते, एवढे ती म्हणते, आणि सर्वांच्या समोर एकाच भांड्यातून वाढते किंवा त्यालाच स्वतःच्या हाताने वाढून घेऊ देते. त्याचे म्हणणे खोटे असले तरी त्याची भीती खरी असते, आणि त्याने सांगितलेल्या गोष्टींपैकी तेवढीच खरी गोष्ट ती ऐकते. विषादाने ग्रासलेला रुग्ण तर काही सांगतच नाही. तो पहाटे तीनला जागा होऊन छताकडे पाहत पडतो, आणि ते जागेपण हेच त्याचे निवेदन असते. अशा रुग्णाला औषधाने थोडी उभारी येऊ लागते, तो उठतो, दाढी करतो, घरची मंडळी समाधानाने निःश्वास सोडतात. पण मनातली निराशा ओसरण्याआधी हातापायांतली शक्ती परत आलेली असू शकते, म्हणून नेमक्या त्याच दिवसांत जाणत्या परिचारिका त्याच्यावरील नजर अधिक सावध करतात. आणि जो रुग्ण दगडासारखा निश्चल झाला आहे, ज्याला भरवावे लागते आणि पाठीला व्रण पडू नयेत म्हणून कुशीवर वळवावे लागते, तो सारे ऐकत असण्याचा संभव असतो. बरे झाल्यावर आपल्या पलंगाजवळ काय बोलले गेले हे सांगणारे रुग्ण वैद्यकाला ठाऊक आहेत. म्हणून त्याच्याशी बोलत बोलतच त्याचे अंग पुसावयाचे असते. अमेरिकेतील हिल्डेगार्ड पेप्लाऊ या परिचारिकेने १९५२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रुग्ण आणि परिचारिका यांच्यातील नाते हेच परिचर्येचे मुख्य साधन मानले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा मनोविकारांवर उपयोग सुरू झाला. या दोन गोष्टींपैकी पहिलीकडे आपल्या रुग्णालयांचे लक्ष दुसरीच्या मानाने फारच थोडे गेले, याचा मला खेद होतो.

निर्देशकारित्वाचा, म्हणजे सांगितलेले पाळण्याचा, प्रश्न सर्वांत कठीण, कारण तेथे सक्ती येते. रुग्ण औषध नाकारतो, तोंडात घेतलेली गोळी जिभेखाली दडवतो, कधी अंगावर धावून जातो; चौघांनी धरून त्याला सुई टोचावी लागते. ज्या माणसाच्या प्रतिष्ठेविषयी आपण इतके बोललो त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्या देहाला हात लावण्याचा अधिकार कोणी दिला? कायद्याने या अधिकाराला हळूहळू मर्यादा घातल्या. १९१२ च्या कायद्याचा कल बंदोबस्ताकडे होता. १९८७ मध्ये तो बदलला. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने, जो २९ मे २०१८ पासून अंमलात आला, रुग्णाला कोणत्याही स्वरूपात साखळीने बांधण्यास मनाई केली, तसेच आपण पुढे आजारी पडलो तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत व कसे होऊ नयेत हे बरे असताना लिहून ठेवण्याचा हक्क प्रत्येक सज्ञान व्यक्तीस दिला. या आगाऊ निर्देशात तत्त्वज्ञानाचा एक जुनाच प्रश्न दडलेला आहे: कालचा मी आणि आजचा मी यांपैकी कोणाचे ऐकावे? कायद्याने शांतचित्त असलेल्याच्या बाजूने कौल दिला. मला तो योग्य वाटतो. परंतु ‘त्याची खरी इच्छा आम्ही जाणतो’ हे वाक्य ज्याच्या हाती सत्ता आहे त्याच्या तोंडी फार लवकर येते, म्हणून सक्ती अटळ ठरली तरी ती तेथेच संपवू नये. झोपेतून उठलेल्या रुग्णाजवळ त्याच परिचारिकेने येऊन बसावे, काल असे का करावे लागले ते सांगावे, त्याने शिव्या दिल्या तर त्या ऐकून घ्याव्यात, आणि पुन्हा तशी वेळ आल्यास त्याला काय केलेले चालेल हे विचारावे. ज्या सक्तीनंतर कोणी परत येऊन बसत नाही, तिच्यात आणि चरकाने सांगितलेल्या राजपुरुषांच्या धाकात मला अंतर दिसत नाही.

हे सारे करावयास माणसे लागतात. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये दिलेल्या अहवालात हिंदुस्थानात सुमारे ४०,००० लोकांमागे मनोरुग्णालयातील एक खाट आहे असा हिशेब मांडला होता. त्या टंचाईत जे धर्मस्थळांच्या आश्रयाला गेले त्यांना दोष देणे सोपे आहे. तामिळनाडूतील एर्वाडी येथे दर्ग्याच्या परिसरातील एका खासगी आश्रयगृहाला ६ ऑगस्ट २००१ रोजी आग लागली तेव्हा साखळ्यांनी जखडलेले २८ मनोरुग्ण पळता न आल्याने जळून मेले. आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या मिषाने माणसाला बांधणे, मारणे हा अपराध ठरवला, तो अत्यंत आवश्यक होता. तरीही गाणगापुरासारख्या ठिकाणी रुग्णाला घेऊन येणारी आई वा बायको आठवडेच्या आठवडे त्याच्यासोबत धर्मशाळेत राहते, त्याच्यासोबत माधुकरी मागते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे अधीक्षक डॉ. विद्यासागर यांनी १९५० नंतरच्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि नातलगांना रुग्णाबरोबर राहायला बोलावले. औषध वैद्याचे आणि सोबत घरच्यांची, अशी ती तजवीज होती. देवस्थानाने जे चुकीच्या समजुतीपोटी राखले होते ते त्यांनी शास्त्राच्या छत्राखाली आणले. मात्र अनुराग हुकूम काढून उत्पन्न करता येत नाही. एका रात्री एका परिचारिकेच्या हवाली साठ रुग्ण सोपवून तिच्याकडून अनुरागाची अपेक्षा करणारी व्यवस्था तिच्यावर आणि त्या साठांवर सारखाच अन्याय करते.

एक गोष्ट राहिली. रुग्ण बरा होऊ लागला की घेतलेले चार गुण त्याला परत करावयाचे असतात, आणि अनेकदा ते कोणी परत करीत नाही. गोळ्या त्याच्या हातात देत नाहीत. तो रागावला की घरचे एकमेकांकडे पाहतात. त्याने काही आठवण सांगितली तर ती पडताळून घेतात. भावकीतल्या भांडणात कोणीतरी त्याच्या त्या दिवसांचा उल्लेख काढतो, आणि लग्नाच्या बोलण्यात तर तो निघतोच. विनयपिटकातील चुल्लवग्गात या दुःखाची दखल घेतलेली आहे, आणि ती वाचून मी चकित झालो. गग्ग नावाचा भिक्षू वेडाच्या भरात भिक्षूला न शोभणारे पुष्कळ काही बोलला आणि वागला होता. तो बरा झाला, तरी इतर भिक्षू त्याला गाठून विचारीत राहिले, तू असे असे केलेस ते तुला आठवते का? तो सांगे, मी वेडा होतो, मला ते आठवत नाही, मी मूढ असताना ते घडले. पण ते ऐकत ना. हे बुद्धांच्या कानी गेले तेव्हा त्यांनी याकरिता संघाचा एक स्वतंत्र विधीच घालून दिला. गग्गाने संघापुढे येऊन आपली कैफियत सांगावी आणि तीन वेळा याचना करावी. संघाने रीतसर ठराव मांडून त्याला अमूढविनय द्यावा, म्हणजे आता तो भ्रमिष्ट नाही आणि भ्रमिष्ट असताना जे घडले त्याचा जाब त्याला विचारता येणार नाही, असे जाहीर करावे. विनयाच्या नियमांत असा रीतसर मिटलेला विषय पुन्हा उकरून काढणे हा उकरणाऱ्याचा दोष मानला आहे, आणि त्याचे प्रायश्चित्त त्याला घ्यावे लागे.